बेघर माणसांनी विकायचं मासिक : म्युनिकला पाहिलं, आपल्या नाशकात जमेल का?

पंचवटीकर | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबलंय पण वाचा.

मागच्या वर्षी कंपनीच्या कामाला सहा महिने म्युनिकला होतो. रोज ज्या मेट्रो स्टेशनला उतरायचो तिथे जिन्याच्या तोंडाशी एक साठीच्या पुढचा माणूस उभा असायचा, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात एक मासिक. ओरडायचा नाही, कुणाच्या मागे लागायचा नाही, नुसता मासिक छातीशी धरून उभा. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे न बघता निघून जायचो, द्वारका सिग्नलला कुणी काचेवर टकटक केलं की आपण मोबाइलमध्ये बघतो ना तसंच. मग एकदा ऑफिसातल्या एकाने माझ्यादेखत त्याच्याकडून अंक घेतला, दोघं उभ्याउभ्या फुटबॉलवर बोलले, आणि जाताना माणूस म्हणाला पुढचा अंक एक तारखेला येतोय. आपल्या नेहमीच्या दुकानदाराशी बोलतो तसं बोलणं झालं ते.

त्या मासिकाचं नाव बिस. जर्मनमधल्या ज्या शब्दांचं ते छोटं रूप आहे त्यांचा अर्थ साधारण 'सामाजिक अडचणीत सापडलेले नागरिक'. १९९३ पासून निघतंय. विक्रेता अंक स्वतःच्या पैशाने निम्म्या किमतीत घेतो, छापील किमतीला विकतो, मधला फरक त्याचा. विक्रेते सगळे बेघर किंवा बेघर होऊन गेलेले किंवा अगदी काठावरचे. आणि चांगलं नियमित विकणाऱ्या बऱ्याच जणांना तर तिथे पगारावर कायम घेतलेलं आहे, विमा पेन्शनसकट.

आता हे इथे का लिहितोय. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, आमच्या बाजूला पायऱ्यांवर एक काका असतात. आधी मार्केट यार्डात हमाली करायचे, कांद्याच्या गोण्या. पाठ गेली तसं काम गेलं, काम गेलं तशी खोली गेली. सातवी शिकलेले आहेत. भज्याचा कागद सुद्धा उलगडून वाचतात, मी स्वतः पाहिलंय. मी कधी चहा दिला तर घेतात पण पैसे दिले की खाली बघतात. त्या खाली बघण्याने मला म्युनिकचा तो जिना आठवला. त्या माणसाला मी पैसे दिले तेव्हा त्याने माझ्या डोळ्यात बघून सुटे परत दिले होते.

असं काही नाशकात करता येईल का? कुणाला माहिती, अनुभव, अडचणी, सगळं लिहा. नुसतं छान आयडिया म्हणून नका जाऊ.

देवळाली कॅम्प | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

चांगला विषय काढलात. मी याच्यावर थोडं वाचलं होतं म्हणून भर घालते.

याची सुरुवात न्यूयॉर्कची, १९८९ साली स्ट्रीट न्यूज नावाचा पेपर. तो तिथे गॉर्डन रॉडिक या ब्रिटिश उद्योजकाच्या हाती पडला, त्यांनी लंडनला येऊन जॉन बर्ड यांना गळ घातली आणि सप्टेंबर १९९१ ला बिग इश्यू निघालं. आधी मासिक होतं, चाललं म्हणून साप्ताहिक झालं. बर्ड स्वतः लहानपणी बेघर होते, तुरुंगात जाऊन आलेले, आणि आता ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचे सभासद आहेत. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच की फुकट काही द्यायचं नाही, उठायला हात द्यायचा. म्हणून नवीन विक्रेत्याला सुरुवातीचे थोडे अंक फुकट, ते विकून जे पैसे येतील त्यातून पुढचे अंक त्यानेच विकत घ्यायचे. विक्रेत्याला अंक छापील किमतीच्या निम्म्याला पडतो.

१९९४ ला अशा पेपरांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, ग्लासगोला ऑफिस आहे. तीसहून जास्त देशात मिळून नव्वदच्या आसपास पेपर आहेत, जपान कोरिया तैवान सुद्धा आले त्यात. ओसाकाला २००३ पासून आहे.

आपल्याकडे दिल्लीत बालकनामा आहे, २००३ चाच, रस्त्यावर राहणारी मुलं स्वतः बातम्या आणतात. पण तो मुलांचा आवाज म्हणून आहे, पोट भरायचं साधन म्हणून नाही. मुलांनी विकायचा विचारही नको. मोठ्यांसाठी म्हणाल तर मला करून बघावंसं वाटतं.

पहाटे चार | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी पेपर एजंट आहे, सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे थोडं धंद्याचं बोलतो राग मानू नका.

पंचवटीकर, तुम्ही पेपर शब्द ऐकून दैनिक डोळ्यासमोर आणत असाल तर आत्ताच सोडून द्या. आपल्याकडचं दैनिक जगात स्वस्त आहे. जाहिरातीवर चालतं म्हणून पाच सहा रुपयात देता येतं, कागदाचा खर्च सुद्धा त्यातून निघत नाही. त्या पाच सहा रुपयात एजंटचं कमिशन, त्यात पोराचं टाकायचं, त्यात गाडीचं पेट्रोल. माणसाने चौकात उभं राहून एका अंकामागे समजा दीड रुपया सुटला तरी तीनशे रुपयाला दोनशे अंक विकावे लागतात. कोण घेणार दोनशे? पहाटे चारला गाड्या येतात, पुरवण्या भरायच्या, लाइनी लावायच्या, सातच्या आत दारात पेपर पडला पाहिजे, आणि सकाळी दहा नंतर त्याच पेपरची रद्दी. आता तर लोक मोबाइलवर वाचतात, सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडच्या, स्टॉलवर पूर्वी जेवढा गठ्ठा जायचा त्याच्या पाव पण जात नाही.

म्हणजे तुमचं परदेशातलं गणित चालतं कारण तिथे अंकाची किंमत मोठी आहे आणि अंक महिनाभर शिळा होत नाही. या दोन गोष्टी जमवल्या तर बोला.

आणि अजून एक. न खपलेला माल. आम्हाला परतावा मिळतो. तुमच्या त्या पद्धतीत न खपलेला अंक विकणाऱ्याच्या अंगावर. ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत त्याच्यासाठी पाच अंक अंगावर पडणं म्हणजे उपाशी झोपणं आहे. हे आधी सोडवा.

रोखठोक नाशिककर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२२

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मी मनापासून सांगतो. मी रामकुंडावर दर अमावस्येला अन्नदानाला असतो, बारा वर्षं. बरेच जण व्यसनात आहेत. हातात रोख आली की संध्याकाळी ती दारूत. जेवण दिलं तर पोटात तरी जातं. मासिक विकायला लावून आपण त्यांना रोख पैसे देणार म्हणजे आगीत तेल. दुसरं, लोक अंक वाचायला घेणार नाहीत, दया म्हणून घेणार, मग ती भीकच झाली, फक्त हातात कागद आला.

गंगापूररोडची लेक | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४८

@रोखठोक दादा, तुमची बारा वर्षांची सेवा आहे तेव्हा आदरानेच लिहिते. व्यसन आहे हे खरंय. पण या पेपरांमध्ये नियमच असतात, विक्रेता सही करतो त्यावर, पिऊन उभं राहायचं नाही, शिवीगाळ नाही, ठरलेल्या जागेवरच उभं राहायचं. नियम मोडला तर ओळखपत्र जातं. माझी बहीण मेलबर्नला आहे, तिथे १९९६ पासून बिग इश्यू आहे. तिच्या कॉफीच्या दुकानासमोर एक विक्रेता रोज असतो आणि तो सांगतो की सकाळी आठला जागेवर पोचायचं म्हणून रात्री पीत नाही. उपदेशाने जे झालं नाही ते कामाच्या वेळेने झालं असं ती म्हणते. सगळ्यांचं होईल असं नाही.

मला मात्र बायकांचं विचारायचंय. हे सगळं बोलताना आपण पुरुषच डोळ्यासमोर आणतोय. सीबीएसला, नाशिकरोड स्टेशनबाहेर ज्या बायका असतात त्यांनी संध्याकाळी चौकात उभं राहून मासिक विकायचं? कुणाची नजर, कुणाचा हात, त्यांना रोजचंच आहे ते. मेलबर्नला यावर त्यांनी वेगळं काढलंय, लोक वर्षाची वर्गणी भरतात आणि ते अंक पाकिटात घालून पत्ते लावून पोस्टात टाकायचं काम बेघर किंवा अडचणीतल्या बायकांना, पगारी, चार भिंतीच्या आत. इथे काही करायचं असेल तर हे पहिल्या दिवसापासून धरा, नंतर बघू असं नको.

सिन्नरफाटा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

भीक झाली म्हणता तर मला लहानपणीचे एसटीतले पुस्तकवाले आठवले. गाडी स्टँडवर लागली की चढायचे, हातात आरतीसंग्रह, शनिमहात्म्य, पाढ्यांचं पुस्तक, पाककृती, सगळं पाच दहा रुपयाचं, आणि एका दमात सगळ्या पुस्तकांची नावं. आमची आजी त्यांच्याकडूनच घ्यायची, म्हणायची बिचारा तापलेल्या गाडीत चढून आणून देतो. तिने कधी भीक म्हटलं नाही. सकाळी वासुदेव यायचा तेव्हा पण आजी सुपातून धान्य घालायची आणि आम्हाला सांगायची तो गाणं देऊन जातो, फुकट नेत नाही. आपल्याकडे ही रीत होतीच की. वाचायला चांगलं असेल तर लोक घेतील, रटाळ असेल तर एकदा दयेने घेतील आणि दुसऱ्यांदा रस्ता बदलतील. अंक चांगला काढणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि त्यावर अजून कुणीच बोललं नाही.

काळा कोट | ५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

कायद्याचं सांगते कारण हे माहीत नसेल तर तुमचा विक्रेता पहिल्याच आठवड्यात आत जाईल.

महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात भिकेची व्याख्या बघा, गाणं म्हणणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरत दाखवणं किंवा 'एखादी वस्तू विकायला पुढे करणं' अशा बहाण्याने पैसे मागणं हे सुद्धा त्यात धरलंय. म्हणजे फाटक्या कपड्यातला माणूस मासिक पुढे करतो तेव्हा तो विक्रेता की भिकारी हे त्याला पकडणारा ठरवणार. पहिल्यांदाच सापडला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ ला दिल्लीपुरती या कायद्यातली शिक्षेची कलमं रद्द केली, सुप्रीम कोर्ट पण २०२१ ला म्हणालं की नाइलाज असतो म्हणून माणूस रस्त्यावर येतो, रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवा असा आदेश देणार नाही. पण आपल्याकडे कायदा अजून आहे. रेल्वेच्या हद्दीत तर विनापरवाना विकणं आणि भीक मागणं दोन्ही एकाच कलमात बसवलंय, म्हणून नाशिकरोडचा प्लॅटफॉर्म विसरा.

दुसऱ्या बाजूला २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात फिरता विक्रेता पण येतो, नोंदणी आणि प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी कागदपत्रं लागतात आणि बेघर माणसाकडे नेमकी तीच नसतात.

मधला मार्ग म्हणजे पावती. अंक विकत घेतल्याची पावती विक्रेत्याच्या नावाने, तारीख, संख्या, रक्कम. ती खिशात असली की हा माल माझा, मी पैसे मोजून घेतलाय हे दाखवता येतं. कोर्टात याने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही पण चौकात फार फरक पडतो. ब्रिटनमध्ये बिग इश्यू विकणं हा स्वयंरोजगार धरायचा की नाही यावर वाद कोर्टात गेला होता आणि स्वयंरोजगारच आहे असा निकाल लागला.

नियतकालिक काढायचं तर २०२३ च्या नव्या कायद्याप्रमाणे नोंदणी, शीर्षक मंजुरी, सगळं आलं. पुस्तकाला ते लागत नाही. आधी पुस्तिका काढा.

पंचवटीकर | ५ नोव्हेंबर, रात्री ११:५५

ताई, ही व्याख्या वाचून झोप उडाली खरंच. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले मला दोनदा गाडीत घातलंय, काही न विकता.

आज त्यांच्याशी पहिल्यांदा नीट बोललो. या पावसाळ्यात एका रात्री पाणी चढलं तेव्हा ते झोपेत होते, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं तो दिवस. अंगावरच्या कपड्यानिशी पळाले, पिशवी गेली. पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, बायकोचा फोटो. आता आधार नाही म्हणून बँक खातं नाही, मोबाइल नाही, म्हणून क्यूआर नाही. स्टॉकहोमला २०१३ लाच रस्त्यावरच्या विक्रेत्यांना कार्ड मशीन दिलं होतं कारण लोकांनी खिशात रोख ठेवणंच सोडलं होतं. आपल्याकडे तर भाजीवाली पण स्कॅनर ठेवते. हा प्रश्न उद्याचा नाही, आजच आहे.

फिरतं वाचनालय | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

माझी छोटी लायब्ररी आहे, नाव लिहित नाही. सगळं वाचलं आणि पेपर एजंट दादांनी दोन अटी घातल्या ना, किंमत मोठी हवी आणि अंक शिळा व्हायला नको, तिथे अडकलो.

अशी वस्तू आपल्याकडे आहे की. दिवाळी अंक.

१९०९ ला मनोरंजनने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस वर्षातून एकदा तरी जाडजूड अंक हौसेने विकत घेतो. बंगालीत दुर्गापूजेचे अंक निघतात तशी ही आपली रीत. किंमत आता दोनशे तीनशेच्या पुढे आहे. आणि दिवाळी अंक शिळा होत नाही, मी मे महिन्यात पण लोकांना देतो. माझ्याकडे मागच्या दोन वर्षांचे दीडशेच्या वर अंक पडून आहेत, सभासद वाचून झालेले पण सुस्थितीत. दरवर्षी किलोवर रद्दीत जातात.

काकांना पाच अंक फुकट देतो. त्यांनी ४० ला विकावेत. ते संपले आणि अजून हवे असतील तर पुढचे २० रुपयाला विकत घ्यायचे. आणि न खपलेला अंक फाटला नसेल तर मी परत घेईन, २० च्या २० रुपये परत. परदेशात काय करतात ते करू देत, एजंट दादांचा मुद्दा मला पटला.

पहाटे चार | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

हे चालेल. सगळ्या अंकांना प्लास्टिकचं कव्हर घाला, हाताचा घाम लागला की मुखपृष्ठ जातं. माझ्याकडे पावसाळ्यातल्या पिशव्या शिल्लक आहेत, पाठवतो. आणि जागा सराफ बाजार मेनरोड नको, तिथे माणूस खरेदीच्या घाईत असतो. जिथे लोक बिनघाईचे असतात तिथे उभं करा.

पंचवटीकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सांगायला उशीर झाला, सगळं नीट बघून लिहायचं होतं.

शुक्रवारी काका एका मोठ्या दुकानासमोर उभे राहिले, मीच चुकून ती जागा सुचवली. वॉचमनने अर्ध्या तासात उठवलं. एकही अंक गेला नाही. काका मला म्हणाले तुमचा वेळ गेला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर गेलो. काकांनी दाढी केली होती, आदल्या रात्री सदरा गंगेत धुवून वाळवला होता. गळ्यात मी प्रिंट काढून दिलेलं कार्ड, त्यावर फोटो, नाव, 'दिवाळी अंक विक्रेता', किंमत ४०. मी लांब उभा राहिलो. पहिला पाऊण तास लोक कार्ड वाचायचे आणि पुढे जायचे. मग एक आजोबा थांबले, अनुक्रमणिका वाचली, काकांना विचारलं यातली कुठली कथा चांगली आहे. आणि काकांनी सांगितली! पाचही अंक त्यांनी रात्री रस्त्याच्या दिव्याखाली चाळले होते. आजोबांनी दोन घेतले. नऊपर्यंत पाचही गेले. २०० रुपये.

एक गोष्ट झाली ती इथे विचारायचीय. दोन बायकांनी अंक न घेता दहा दहा रुपये काकांच्या हातात ठेवले आणि चालायला लागल्या. काका त्यांच्या मागे अंक घेऊन गेले, त्यांनी नको नको केलं. संध्याकाळी ते मला हिशेब द्यायला आले, म्हणाले २०० अंकाचे, हे वीस कशात धरायचे? मला उत्तर देता आलं नाही.

देवळाली कॅम्प | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

तिकडच्या विक्रेत्यांची पण हीच तक्रार असते. लोक चांगल्या मनानेच पैसे देऊन अंक तसाच ठेवून जातात, आणि विक्रेता म्हणतो अहो अंक घ्या, नाहीतर मी इथे उभा का आहे. या धाग्यावर जे कुणी कृषीनगरला फिरायला जातात त्यांना हात जोडून सांगते, घ्यायचा नसेल तर नका घेऊ, नमस्कार करा आणि पुढे जा. घेतलात तर अंक घरी न्या.

रोखठोक नाशिककर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

त्या २० रुपयांच्या प्रश्नाने मला रात्रभर विचार करायला लावला. मी बारा वर्षं पंगत वाढतोय, पण मला कुणी असा हिशेब विचारला नाही आणि मी पण कुणाला संधी दिली नाही. माझं व्यसनाचं म्हणणं मी मागे घेत नाही, ते प्रत्यक्ष बघितलेलं आहे. पण रविवारी मी कृषीनगरला येतो आणि काकांकडून अंक घेतो. आधारचं काम माझ्या ओळखीतल्या एकाच्या केंद्रावर होईल, बोटांचे ठसे जुळले तर जुनाच नंबर निघतो, नवीन काढायची गरज नाही. मी स्वतः घेऊन जातो त्यांना.

सिन्नरफाटा | १० नोव्हेंबर, दुपारी २:४०

जुने अंक संपल्यावर काय? दीडशे अंक एका माणसाला दोन महिने पुरतील, दहा माणसांना आठवडाभर पण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखाच्या वर बेघर मोजले होते. सुप्रीम कोर्टाच्या निकषाने लाखामागे शंभर जणांचा एक निवारा हवा, म्हणजे २०११ च्याच लोकसंख्येने नाशिकला चौदा पंधरा. सिंहस्थ तोंडावर आहे, घाटावरून सगळ्यात आधी कुणाला हलवतील ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून सुचवतो. सिंहस्थाला लाखो माणूस येणार, त्याला कुठलं कुंड कुठे, शाही मार्ग कुठला, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह काय होता, हे सगळं असलेली ४८ पानी पुस्तिका काढू. काळा कोट ताई म्हणाल्या पुस्तकाला नोंदणीची भानगड नाही. आणि ती पुस्तिका घाटावर राहणाऱ्या माणसांनीच विकायची. त्यांच्याएवढा घाट कुणाला माहितीये? त्यांना विचारूनच लिहायची.

गंगापूररोडची लेक | १० नोव्हेंबर, रात्री ८:०५

पुस्तिका जमली तर बांधणी, कव्हर घालणं, गठ्ठे मोजणं हे बायकांकडे, माझ्या घराचा खालचा हॉल रिकामा आहे. पगारी, विक्रीवर अवलंबून नाही. दर आत्ता ठरवू.

काळा कोट | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

एक धोका लिहून ठेवते. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बिग इश्यूला रस्त्यावरची विक्री एका दिवसात थांबवावी लागली. त्यांनी वर्गण्या घेतल्या, सुपरमार्केटमध्ये अंक ठेवले, तेव्हा कुठे निभावलं. आपल्याकडे पर्वणीच्या दिवसात पोलिस बंदोबस्तात फिरती विक्री बंद असणार हे धरून चाला. आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांवर भर ठेवा, आणि थोडे पैसे बाजूला ठेवा म्हणजे त्या दिवसात विक्रेत्याची चूल बंद पडणार नाही.

पंचवटीकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

दुसरा आठवडा. काकांनी २०० रुपयातून एकही रुपया खर्च केला नव्हता. लायब्ररीत गेले आणि म्हणाले दहा द्या. सगळे पैसे टेबलावर ठेवले. त्या दोन दिवसात ते जेवले कुठे हे मी विचारलं तेव्हा म्हणाले अन्नछत्रात, आणि ते वीस रुपये चहाला धरले.

दहातले सात गेले, २८० रुपये. तीन राहिले, ते परत करायचे का विचारलं तर म्हणाले नको, रविवारी जातील, एक आजोबांनी सांगून ठेवलाय. रोखठोक दादा आले होते, दोन घेतले, अर्धा तास गप्पा. आधारचा नंबर सापडला, कार्ड पोस्टाने येणार, पण पत्ता जुना आहे, ज्या खोलीतून काढलं तिथला, म्हणून दादा उद्या परत केंद्रावर जाणार आहेत.

आज लायब्ररीवाल्या दादांनी पावतीपुस्तक काढलं. काकांनी आपलं नाव स्वतः लिहिलं, अक्षर सुरेख आहे. पत्त्याच्या रकान्यापाशी आले आणि पेन तसंच धरून बसले.

फिरतं वाचनालय | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी त्यांना लायब्ररीचा पत्ता लिहायला सांगितला. रात्री अंक ठेवायला खालचा एक कप्पा रिकामा करून दिलाय, घाटावर दवाने भिजतात. अजून दोघं जण विचारायला आले होते, काकाच घेऊन आले त्यांना. त्यातल्या एकाला वाचता येत नाही, काका म्हणतात कुठली कथा चांगली ते मी त्याला तोंडी सांगेन.

ज्यांच्याकडे वाचून झालेले दिवाळी अंक असतील त्यांनी रद्दीत घालू नका. शनिवारी सकाळी दहा ते बारा लायब्ररीत आहे, पत्ता हवा असेल त्यांनी निरोप पाठवा.

पहाटे चार | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०४

माझ्या लाइनीतल्या चारशे घरांना उद्या पेपरात चिठ्ठी टाकतो. शनिवारी गोळा करून टेम्पोने आणतो.